फुलाआधी पार्श्वभूमी: वसंतात बहरलेल्या झुडपांचे जवळून फोटो काढताना

वसंतात एखादं झुडूप अंगभर फुललेलं दिसलं की पाय आपोआप तिकडे वळतात. हात कॅमेऱ्याकडे जातो, पंधरा-वीस फोटो होतात. नंतर निवांत पाहावं तर प्रत्येकात फुलं भरपूर, पण मन ठरेल असा फोटो एकही नाही. एकात एक शिरलेल्या काड्या, अर्धवट कापलेल्या पाकळ्या, मागच्या फुलांचे ठिपके आणि पानांतून डोकावणारा आभाळाचा पांढराफटक तुकडा. झुडपासमोर उभं असताना जे भावलं होतं, ते यात कुठेच सापडत नाही.

आपली नजर निवडक असते. शंभर फुलांतून ती एकावर जाऊन बसते आणि बाकीचं मन मागे सारतं. कॅमेऱ्याला ही निवड जमत नाही, चौकटीत जे आहे ते सगळं तो सारख्याच इमानाने टिपतो. एकट्या उंच देठावरच्या फुलाला याचा फारसा त्रास होत नाही. झुडूप मात्र मुळातच गर्दीचं. फांद्या दाही दिशांना, फुलं एकमेकांच्या अंगावर, गेल्या वर्षीच्या वाळक्या काड्या नव्या फुटव्यात अडकलेल्या. म्हणून झुडपाच्या क्लोजअपमध्ये रचना करायची म्हणजे मुख्यतः वगळायचं, आणि वगळण्यासारखं बहुतेक सगळं फुलाच्या मागे असतं. बरेच वसंत फुलांमागे धावल्यावर माझी पद्धत उलटी झाली आहे. मी आधी पार्श्वभूमी शोधतो आणि मग तिच्यापुढे येणारं फूल. खालच्या सगळ्या पायऱ्या या एका सवयीला धरून आहेत.

पायरी १: कॅमेरा पिशवीत, झुडपाला फेरी

पहिली दहा मिनिटं कॅमेरा बाहेर काढू नका. झुडपाभोवती पूर्ण फेरी मारा, एकदा उभ्याने आणि एकदा गुडघ्यांवर बसून. दाट भागात फुलं जास्त असतात म्हणून नजर तिथेच जाते, पण कामाची फुलं बहुधा कडेला मिळतात. मुख्य पसाऱ्यातून वीतभर बाहेर आलेली डहाळी शोधा. तिच्या टोकाला दोन-तीनच फुलं असली तरी चालतील. ती इतरांपासून सुटी आहे, हाच तिचा सगळ्यात मोठा गुण.

डहाळी सापडली की एक डोळा मिटून तिच्याकडे पाहा. दोन डोळ्यांनी पाहताना पुढची फांदी आणि मागची फांदी आपल्याला वेगवेगळी कळते, कारण मेंदू दोन प्रतिमांवरून अंतर काढतो. कॅमेऱ्याला डोळा एकच. एक डोळा मिटला की मागची काडी फुलातून आरपार गेल्यासारखी दिसू लागते आणि फोटोत काय बिघडणार आहे ते आधीच समजतं. सोबत जाड पुठ्ठ्याचा एक तुकडा ठेवा, त्यात ९ सेंमी रुंद आणि ६ सेंमी उंच खिडकी कापलेली असू द्या. डोळ्याजवळ धरली की रुंद दृश्य, हात लांबवला की टेली लेन्ससारखं आवळलेलं दृश्य. एवढ्याशा साधनाने निम्म्या चुका टळतात.

याच फेरीत फुलांची तब्येतही बघून घ्या. लांबून निर्दोष वाटणाऱ्या फुलाच्या कडेवर तपकिरी डाग असतो, एखादी पाकळी कुरतडलेली असते, परागकोश सुकलेले असतात. पांढऱ्या कॅमेलियाच्या आणि मॅग्नोलियाच्या पाकळ्या नुसत्या घासल्या गेल्या तरी तपकिरी पडतात. जवळच्या फोटोत हा डाग फुलापेक्षा आधी दिसतो. भर बहरापेक्षा बहराची सुरुवात मला जास्त आवडते: तीन फुलं उमललेली, दोन अर्धी मिटलेली, बाकी कळ्या. त्यात वाढीचा क्रम दिसतो आणि मोकळी जागाही आपसूक मिळते.

पायरी २: पार्श्वभूमी निवडा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्यायचा आहे.

डहाळीच्या मागे काय आहे आणि ते किती लांब आहे, हे दोन प्रश्न विचारा. मागची पानं फुलापासून दहा सेंटिमीटरवर असतील तर कोणत्याही लेन्सने ती पूर्ण विरघळणार नाहीत. त्यांच्या कडा अर्धवट ओळखू येतील आणि सतत लक्ष वेधून घेतील. तीच पानं दोन-तीन मीटर मागे असली की त्यांचा सलग रंग होतो. म्हणून फुलाची निवड करताना ‘किती सुंदर आहे’ याच्या बरोबरीने ‘मागे किती मोकळं आहे’ हे मोजा.

क्लोजअपमध्ये एक गोष्ट आपल्या बाजूने असते: कॅमेरा जरासा सरकवला तरी पार्श्वभूमी खूप सरकते. समजा फूल लेन्सपासून ३० सेंमीवर आहे आणि मागची झाडी फुलाच्या ३ मीटर पलीकडे. कॅमेरा ५ सेंमी डावीकडे नेऊन फूल पुन्हा मध्यावर घेतलंत, तर फुलामागचा भाग तब्बल अर्धा मीटर उजवीकडे सरकलेला असेल. म्हणजे मागे नको असलेलं खोड किंवा चकाकता तुकडा आला तर फूल बदलायची गरज नाही. तळहाताएवढी जागा बदलली तरी पुष्कळदा काम होतं. ट्रायपॉड लावण्याआधी हे सरकणं हातात कॅमेरा धरून करून पाहा. ट्रायपॉड आधी लावला की माणूस त्याच्याच उंचीला बांधला जातो.

लेन्सची फोकल लेंग्थही (तिच्यावर लिहिलेला मिमीचा आकडा) इथेच उपयोगी पडते. फूल दोन्ही फोटोंत सारख्याच आकाराचं ठेवलं, तर १०० मिमी लेन्स ५० मिमीच्या तुलनेत मागच्या दृश्याची साधारण निम्मीच रुंदी चौकटीत घेते. चौकटीत कमी पार्श्वभूमी म्हणजे सांभाळायला कमी गोष्टी. झुडपांसाठी १०० मिमीच्या आसपासची मॅक्रो लेन्स, म्हणजे अगदी जवळून फोकस होणारी लेन्स, मला सगळ्यात सोयीची वाटते. मॅक्रो नसेल तर ७०-२०० मिमी झूमवर एक्स्टेन्शन ट्यूब (कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये बसणारी पोकळ नळी) लावूनही उत्तम काम होतं. ट्यूबचं गणित सोपं आहे. ट्यूबची लांबी भागिले लेन्सची फोकल लेंग्थ, एवढी आवर्धनात, म्हणजे सेन्सरवर फुलाची प्रतिमा खऱ्या आकाराच्या किती पट पडते त्यात, भर पडते. ५० मिमी लेन्सवर २५ मिमी ट्यूब लावली की अर्ध्या पटीची भर. ट्यूबमध्ये काच नसते, त्यामुळे प्रतिमेत नव्या काचेचा दोष येत नाही, मात्र प्रकाश कमी होतो आणि लांबच्या गोष्टींवर फोकस होत नाही.

पार्श्वभूमीचे प्रकार किती, तर माझ्या वापरातले चार. लांबची सावलीतली हिरवाई सगळ्यात भरवशाची, तिच्यावर गुलाबी, पांढरं, पिवळं सगळं उठून दिसतं. त्याच झुडपाची लांबची फुलं विरघळवून त्यांचा रंग मागे घेणं हा दुसरा प्रकार, आणि वसंताचा भरगच्चपणा दाखवायला याहून चांगला मार्ग नाही. यात एकच पथ्य आहे: मागचा रंग पुढच्या फुलापेक्षा एक छटा गडद किंवा एक छटा फिकट हवा, नाहीतर पाकळीची कड त्यात हरवते. तिसरं आभाळ. निळं असेल तर पिवळ्या फुलांना छान साथ देतं, ढगाळ असेल तर पांढरं, सपाट आणि निर्जीव. अशा आभाळाचा उपयोग मुद्दाम उजळ, फिकट फोटोसाठी करता येतो, पण तेव्हा पूर्ण चौकट तशीच हवी, अर्धी नव्हे. चौथी गडद सावली: फुलावर ऊन आणि मागे काळोखा कोपरा. सूर्य थोडा हलला की ही जागा नाहीशी होते, त्यामुळे दिसली की आधी तीच टिपा.

शेवटी कडा आणि कोपरे. व्ह्यूफाइंडरमध्ये फुलाकडे बघणं थांबवून चौकटीच्या चारही बाजूंवरून एकदा नजर फिरवा. चमकतं पान, आडवी काडी, कुठल्या तरी फुलाचा कापलेला एक पंचमांश तुकडा. नजर उजळ गोष्टीकडे आधी जाते, आणि ती कडेला असली की फोटोबाहेर जाते. एक गोष्ट विसरू नका: व्ह्यूफाइंडरमधून दिसतं ते बहुतेक वेळा लेन्स पूर्ण उघडी असतानाचं दृश्य. एफ/११ वर, म्हणजे लेन्सचं छिद्र बरंच लहान करून (एफचा आकडा जितका मोठा तितकं छिद्र लहान) फोटो काढणार असाल तर मागच्या काड्या जास्त स्पष्ट येतील. कॅमेऱ्यावर डेप्थ-ऑफ-फील्ड प्रिव्ह्यूचं (किती खोली स्पष्ट येईल ते आधीच दाखवणारं) बटण असेल तर ते दाबून बघा, नसेल तर एक चाचणी फोटो काढा.

पायरी ३: फुलाची ठेवण वाचा

प्रत्येक झुडपाची फुलं वेगळ्या पद्धतीने बांधलेली असतात, आणि चौकट त्या बांधणीतूनच सुचते. ‘विषय एक तृतीयांशावर ठेवा’ हा नियम सगळ्यांना सरसकट लावला की फोटो एकसारखे दिसू लागतात.

अझेलियाचं उदाहरण घ्या. तिचे पुंकेसर लांब, बाहेर झेपावणारे आणि टोकाला वर वळलेले असतात, बऱ्याच जातींत पाच. वरच्या पाकळीवर गडद ठिपक्यांची नक्षी असते, ती कीटकांना मधाकडे नेणारी खूण. समोरून फोटो काढला तर ही नक्षी आणि पुंकेसर एकाच सरळ रेषेत येतात आणि खोली नाहीशी होते. बाजूने, थोडं खालून पाहिलं की पुंकेसरांची कमान रिकाम्या पार्श्वभूमीवर एकेक रेघ होऊन उमटते. अझेलियाचे पराग चिकट, कोळ्याच्या जाळ्यासारख्या धाग्यांनी जोडलेले असतात. परागकोशाच्या टोकाला लोंबणारे हे धागे मागून प्रकाश आला की चमकतात. जवळून फोटो काढणाऱ्यालाच हे दिसतं.

मॅग्नोलियाचं सगळं नाट्य पेल्याच्या आत घडतं. मध्यभागी शंकूसारखा दांडा, त्यावर सर्पिल मांडणीत वर स्त्रीकेसर आणि खाली पुंकेसर. फूल उमलतं तेव्हा आधी स्त्रीकेसर तयार असतात, पराग नंतर सुटतात. मग पुंकेसर झडून पाकळ्यांच्या वाटीत पडतात. त्यामुळे स्वच्छ मध्यभाग हवा असेल तर नुकतं उमललेलं फूल निवडा. दोन दिवसांनी त्याच फुलात झडलेल्या पुंकेसरांचा पसारा मिळतो, आणि तोही वेगळा फोटो आहे. इमोजेन कनिंगहॅम या अमेरिकन छायाचित्रकार बाईंनी १९२५ साली टिपलेलं मॅग्नोलियाचं फूल आजही पाहण्यासारखं आहे. पाकळ्यांनी चौकट काठोकाठ भरलेली, मधोमध तो दांडा. पार्श्वभूमी जवळजवळ नाहीच. फुलाला मागे काही चांगलं मिळत नसेल तर फूलच पार्श्वभूमी करायचं, हा धडा मी त्या एका फोटोतून घेतला.

फोर्सिथियाची चार पाकळ्यांची पिवळी फुलं पानं फुटण्याआधी, उघड्या काडीवर येतात. त्यामुळे इथे पानांची अडचण नाही, पण काड्यांची जाळी मात्र अवघड. फुलं बाजूला किंवा खाली तोंड करून असतात, म्हणून वरून काढलेल्या फोटोत नुसत्या पाठी दिसतात. खाली बसा, कॅमेरा काडीच्या पातळीखाली न्या आणि एकच काडी तिरकी घ्या. जपानी क्विन्सचीही फुलं फांदीला चिकटून, जुन्या काटेरी लाकडावर येतात, इतकी की फांदी वगळताच येत नाही. मग ती वगळू नका. तिचा खरखरीतपणा आणि पाकळीचा मऊपणा, हाच त्या फोटोचा विषय आहे.

लायलॅकचा तुरा अख्खा घेतला तर फोटोत जांभळा पुंजका उरतो. त्याच्या कळ्या गडद आणि उमललेली फुलं फिकट असतात. जिथे या दोन छटा भेटतात तेवढा भाग निवडा, चार पाकळ्यांची सात-आठ फुलं आणि वर कळ्यांची रांग, बस. स्पायरियाच्या कमानीसारख्या वाकलेल्या फांदीवर पांढऱ्या गुच्छांची ओळ असते. तिथे एका गुच्छापेक्षा कमानीचा ओघ महत्त्वाचा, म्हणून थोडं मागे सरकावं. बोगनवेलीत ज्याला आपण पाकळ्या म्हणतो ती रंगीत पानं असतात आणि खरी फुलं त्यांच्या आतल्या तीन बारीक नळ्या. फोकस त्या नळ्यांच्या तोंडाशी ठेवला की रंगीत पानं आपोआप कंदिलासारखी भोवताली उभी राहतात.

पायरी ४: चौकट बांधा

आता कॅमेरा डोळ्याला लावा. पहिला निर्णय असा: फूल चौकटीत मावणार की चौकट ओलांडणार? दोन्ही चालतं, मधलं चालत नाही. एखाद्या पाकळीचं टोक कडेला नुसतं टेकलं किंवा नखभर कापलं गेलं तर ती चूक वाटते. कापायचं तर ठामपणे कापा, पाकळीचा तिसरा हिस्सा तरी बाहेर जाऊ द्या. मावायचं तर सगळ्या बाजूंनी श्वास घ्यायला जागा ठेवा.

फुलाला तोंड असतं आणि ते कुठेतरी पाहत असतं. ज्या दिशेला त्याचा गळा उघडतो त्या बाजूला जास्त मोकळी जागा ठेवा. डहाळी चौकटीत कुठून शिरते याकडेही लक्ष हवं. ती नेमकी कोपऱ्यातून आली तर फोटो दोन त्रिकोणांत चिरल्यासारखा होतो, कोपऱ्याच्या जरा वरून किंवा बाजूने आली की नैसर्गिक वाटतं. कॅमेरा थोडा तिरका करून आडव्या फांदीला चढ देणं हा जुना उपाय आहे आणि क्लोजअपमध्ये क्षितिज नसल्याने तो खपूनही जातो. पण खाली लोंबणारं फूल वर तोंड करून दाखवलं तर झुडूप ओळखणाऱ्याला ते लगेच खटकतं.

दोन फुलं असतील तर ती एकमेकांत गुंतलेली नसावीत, आणि सारख्याच आकाराची, शेजारी-शेजारीही नसावीत. एक पुढे स्पष्ट, दुसरं मागे धूसर, अशी जोडी जास्त बोलकी होते. तीनचा मेळ सहज बसतो कारण नजर त्यांच्यात त्रिकोण शोधते. आणि कळीला विसरू नका. उमललेल्या फुलाच्या शेजारी एक घट्ट मिटलेली कळी ठेवली की फोटोला काळ मिळतो, आधी काय होतं आणि पुढे काय होणार ते एका नजरेत येतं.

समोरची पानं आणि फुलं लेन्सच्या अगदी तोंडाशी येऊ देऊन रंगाचा पातळ पडदा तयार करण्याची युक्ती झुडपात फार छान साधते. लेन्स जवळजवळ फांद्यांत खुपसा आणि फटीतून आतल्या फुलावर फोकस करा. यासाठी लेन्स पूर्ण उघडी, म्हणजे एफ/२.८ किंवा एफ/४ हवी, तरच पुढचं पान धुक्यासारखं होतं. एफ/११ वर त्याचा नुसता हिरवा डाग पडेल.

पायरी ५: फोकस कुठे, किती

जवळ गेलं की स्पष्टतेचा पट्टा झपाट्याने अरुंद होतो. फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर (त्याचा सेन्सर ३६ × २४ मिमीचा असतो) एफ/८ ठेवून हिशेब असा: चौकटीत ३६ सेंमी रुंदीचा फुलांचा घोस घेतला, म्हणजे आवर्धन एकास दहा, तर साधारण ५ सेंमी खोली स्पष्ट येते. १४ सेंमी रुंदी घेतली तर जेमतेम १ सेंमी. ७ सेंमी रुंदी, म्हणजे एकास दोन आवर्धन, तर सुमारे ३ मिलिमीटर. आणि ३६ मिलिमीटर रुंदी भरणाऱ्या एकास एक आवर्धनाला फक्त १ मिलिमीटर! अझेलियाचं फूल पाच सेंटिमीटरचं धरलं तर एकास दोनलाच ते चौकटीची उंची भरून टाकतं. त्याचे पुंकेसर चार सेंटिमीटर पुढे आलेले असतील तर सगळं स्पष्ट येणं शक्यच नाही. तेव्हा ‘सगळं स्पष्ट’ हा हट्ट सोडा आणि काय स्पष्ट हवं ते ठरवा.

ते ठरवलं की कॅमेऱ्याची पाठ त्या गोष्टीला समांतर करा. तीन परागकोश स्पष्ट हवेत तर त्या तिन्ही टोकांतून जाणारं एक काल्पनिक पान मनात धरा आणि सेन्सर त्या पानाला समांतर आणा. दोन अंशांचा फरकही इथे दिसतो. छिद्र लहान करत जाण्याने मिळतं त्यापेक्षा जास्त या समांतरपणाने मिळतं, आणि पार्श्वभूमीही मऊ राहते. शिवाय छिद्र लहान करण्याला सीमा आहे. एकास एक आवर्धनाला एफ/८ चा परिणाम एफ/१६ सारखा होतो, दोन स्टॉप प्रकाश जातो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा किंवा दुप्पट) आणि विवर्तनामुळे, म्हणजे लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, बारीक तपशील मऊ पडू लागतो. एफ/१६ लावलंत तर तो एफ/३२ सारखा वागेल.

हातात कॅमेरा असेल तर ऑटोफोकस बंद करा, हवं तेवढं आवर्धन रिंगने ठरवून घ्या, आणि शरीर किंचित पुढे-मागे झुलवत फोकस जागेवर आला की बटण दाबा. सलग तीन-चार फोटो घ्या, त्यातला एक नेमका लागतो. फोकस कुठे, याचं माझं उत्तर बहुतेक वेळा आपल्याकडे सगळ्यात जवळ आलेलं केसराचं टोक. ते धूसर आणि मागचं स्पष्ट असेल तर फोटो बघताना डोळ्यांना सतत अडखळल्यासारखं होतं.

फोकस थोडा थोडा सरकवत दहा-वीस फोटो काढून संगणकावर एकत्र करण्याची पद्धत, म्हणजे फोकस स्टॅकिंग, घरात ठेवलेल्या डहाळीला उत्तम. झुडपावर ती फक्त पूर्ण निवांत हवेत करावी. दोन फोटोंच्या मध्ये फूल हललं की जोडलेल्या प्रतिमेत पाकळ्यांना दुहेरी कडा येतात.

पायरी ६: वारा आणि उजेड

एकास एक आवर्धनाला फूल १ मिलिमीटर हललं तर सेन्सरवरची प्रतिमाही १ मिलिमीटर सरकते. २४ मेगापिक्सेलच्या फुल-फ्रेम सेन्सरवर हे अंतर सुमारे १६७ पिक्सेल होतं. आपल्याला जाणवतही नाही अशी झुळूक यासाठी पुरते. म्हणून सकाळ गाठा. ऊन जमिनीला तापवण्याआधी हवा सहसा स्थिर असते. तरीही शटर १/२५० सेकंदाच्या खाली जाऊ देऊ नका, त्यासाठी आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) ८०० किंवा १६०० करावा लागला तर खुशाल करा. दाणेदार पण स्पष्ट फोटो सुधारता येतो, हललेला नाही. बांबूची काठी जमिनीत रोवून डहाळी चौकटीबाहेर सैल दोऱ्याने तिला बांधली की हलणं निम्म्याहून कमी होतं. झुळुकांमध्ये क्षणभर विसावा असतो, बटणावर बोट ठेवून त्याची वाट पाहायला शिका.

उजेडाबद्दल माझी पसंती स्पष्ट आहे: पातळ ढगांचं आच्छादन. पाकळ्यांचे उतार हळूवार दिसतात, रंग खरे येतात. कडक ऊन असेल तर फुलावर अर्धपारदर्शक पांढरं कापड धरा, जितकं जवळ धराल तितका उजेड मऊ. फक्त मागच्या झाडीवरही ऊन असेल तर सावलीतल्या फुलामागे ती भगभगीत दिसेल, तेव्हा सावलीची पार्श्वभूमी शोधा. पुन्हा तोच मुद्दा आला.

मागून येणारा प्रकाश पातळ पाकळ्यांना आतून पेटवतो. शिरा, देठावरची लव, कळीची कड सगळं रेखलं जातं. लेन्सला हूड लावा, तरीही थेट किरण काचेवर पडत असतील तर हाताची सावली धरा. पुढची बाजू काळवंडली तर फुलाच्या खाली एक पांढरा कागद धरून उजेड परतवा. चंदेरी कागद मी टाळतो, त्याची चमक पाकळीखाली कृत्रिम वाटते. दाट पानांखालचा उजेड हिरवट असतो आणि निळ्या आभाळाखालच्या सावलीतला निळसर. पांढऱ्या पाकळ्यांवर हे लगेच दिसतं. रॉ फाइलमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये) फोटो काढला असेल तर व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा तोल, नंतर दुरुस्त होतो. ओल्या, चकचकीत पानांसाठी पोलरायझर (चमक कमी करणारा फिल्टर) लावा, दीड-दोन स्टॉप उजेड जातो पण पानांचा हिरवा रंग परत येतो.

फ्लॅश वापरायचा तर एक परिणाम माहीत असू द्या. फुलापासून फ्लॅश २० सेंमीवर आणि पार्श्वभूमी फ्लॅशपासून २ मीटरवर असेल तर तिथे शंभरपटीने कमी प्रकाश पोचतो आणि ती काळीभोर होते. काहींना हा काळा पडदा आवडतो. मला त्यात वसंताची सकाळ उरत नाही असं वाटतं, म्हणून फ्लॅश फार मंद ठेवून फक्त सावल्या उजळण्यापुरता वापरतो.

पायरी ७: एक्स्पोजर

कॅमेऱ्याचं मीटर सगळं मध्यम करड्या रंगाचं धरून चालतं. पांढऱ्या फुलांनी भरलेली चौकट ते मळकट करेल, तिथे दोन तृतीयांश ते एक स्टॉप वाढवा. लहानसं पांढरं फूल आणि मागे गडद सावली असेल तर उलट, एक स्टॉप किंवा जास्त कमी करा, नाहीतर पाकळ्यांचा तपशील जळून जाईल. लाल आणि पिवळी फुलं जास्त फसवी असतात. त्यांत लाल चॅनेल एकटाच भरून वाहतो आणि साध्या हिस्टोग्रामला (फोटोत गडद-उजळ भाग किती ते दाखवणाऱ्या आलेखाला) ते कळत नाही. तीन रंगांचा वेगवेगळा हिस्टोग्राम सुरू करा आणि लाल आलेख उजव्या भिंतीला चिकटला की एक्स्पोजर कमी करा. लाल कॅमेलियाच्या पाकळ्या फोटोत कापलेल्या कागदासारख्या सपाट दिसतात, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच.

मोबाइल असेल तर

बहुतेक मोबाइलचा मॅक्रो मोड अतिरुंद कॅमेरा वापरतो. तो फुलाच्या काही सेंटिमीटरवर न्यावा लागतो, फुलावर मोबाइलचीच सावली पडते आणि रुंद कोनामुळे मागचा सगळा पसारा चौकटीत येतो. त्यापेक्षा मुख्य कॅमेरा दुप्पट झूमवर ठेवून थोडं मागे सरका, टेली कॅमेरा असेल तर तो वापरा. स्क्रीनवर फुलाला बोट लावून धरा म्हणजे फोकस बांधला जाईल, मग उजेडाची पट्टी किंचित खाली ओढा. पोर्ट्रेट मोड पुंकेसरांच्या बारीक रेघा पुष्कळदा खाऊन टाकतो, त्यापेक्षा खरोखर लांबची पार्श्वभूमी शोधणं बरं.

एका डहाळीवर अर्धा तास

हे सगळं अंगवळणी पाडायचं तर एकच डहाळी घ्या. पहिला फोटो मागे उभं राहून, डहाळी आणि भोवतालच्या झुडपासह. मग तीन फुलं. मग एक फूल आणि एक कळी. मग फक्त केसर. प्रत्येक टप्प्यावर कॅमेरा डावीकडे, उजवीकडे, वर आणि खाली ५-५ सेंमी सरकवून पार्श्वभूमी कशी बदलते ते पाहा आणि चारातली सगळ्यात शांत जागा निवडून तिथे थांबा. तीच चौकट एफ/४, एफ/८ आणि एफ/१६ वर काढा. स्क्रीनवर मोठं करून आधी कोपरे बघा, मग फोकस, फूल शेवटी. चौथ्या-पाचव्या दिवशी त्याच डहाळीकडे परत जा. कळ्या उमललेल्या असतील, पहिली फुलं झडून खाली पडली असतील, आणि जमिनीवरच्या त्या पाकळ्यांवर सरळ वरून धरलेला कॅमेरा त्यांना पूर्ण समांतर राहतो, फोकसची अडचण उरत नाही.

निघताना काठी उपसा, दोरा सोडा, बाजूला सारलेल्या फांद्या हलक्या हाताने जागेवर येऊ द्या. मध्ये येणारी काडी तोडून टाकावीशी वाटते, पण तिला चिमट्याने मागे धरणं पुरतं. फोर्सिथिया, लायलॅक, अझेलिया यांच्या पुढच्या वसंताच्या कळ्या याच वर्षीच्या फुटव्यांवर धरतात.